उपाशी राहून उतरवलेलं वजन

नमस्कार श्रोतेहो.

तुळशीची लग्नं लागली की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि माणसांची लग्नं सुरू झाली की आम्हा आहारतज्ज्ञांचे फोन वाजायला लागतात. "मॅडम, वीस दिवसांत सहा किलो उतरवायचेत." कुणाला भावाच्या लग्नात जुना पैठणीचा ब्लाउज बसवायचा असतो, कुणाला हळदीचे फोटो चांगले यायला हवे असतात. आता ब्लाउजचंच म्हणाल, तर पूर्वीचे शिंपी शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडायचे. अंग भरलं की उसवायचं आणि पुन्हा टीप मारायची, संपला विषय. हल्ली आत कापडच सोडत नाहीत, आणि मग त्या वाचवलेल्या दोन बोटांपायी बायका उपाशी राहतात. असो.

तर आजचा विषय वजन कमी करण्याचा नाही. वजन कमी करायला माझी काहीच हरकत नाही. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, साखर वाढली असेल, तर जरूर करा. आजचा विषय आहे तो फार कमी खाण्याचा. पुन्हा सांगते, वजन कमी करणं वेगळं आणि फार कमी खाणं वेगळं.

फार कमी म्हणजे किती? सकाळी ग्रीन टी. दुपारी वाटीभर काकडी-टोमॅटो. रात्री एक सफरचंद. मोबाईलवर फिरणारे असे तक्ते मी पाहिलेत, त्यांची बेरीज केली तर ती वर्षाच्या बाळालासुद्धा पुरणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब असा आहे, की बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात, आणि तसंच काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११०. यातून थोडं कमी केलं की वजन उतरतं. अर्ध्याहून खाली गेलं की काय होतं, त्याची एक गोष्ट आहे. ती मला फार आवडते, आणि माझ्या घरच्यांना आता पाठ झाली आहे. तुम्ही ऐकली नसेल असं धरून सांगते.

साल १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. युरोपात लाखो माणसं उपाशी. आपल्याकडे तर आदल्याच वर्षी बंगालात दुष्काळानं माणसं रस्त्यावर मेली होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांच्या पुढे प्रश्न असा होता की उद्या युद्ध थांबेल, या उपाशी माणसांना अन्न पोहोचेल, पण ते द्यायचं कसं? किती द्यायचं? अंगातली ताकद परत यायला काय लागतं? हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की आपणच काही धडधाकट माणसांना उपाशी ठेवायचं आणि मोजमाप करायचं.

आता उपाशी राहायला तयार कोण होणार? तर त्या वेळी अमेरिकेत असे काही तरुण होते, की जे धर्मानं किंवा सदसद्विवेकानं युद्धाच्या विरोधात होते. आम्ही बंदूक उचलणार नाही, म्हणाले. सरकारनं त्यांना लढाईऐवजी दुसरी कामं दिली होती. कीज यांनी त्यांच्यात एक पत्रक वाटलं. त्यावर रिकामे वाडगे घेतलेली तीन लहान मुलं, आणि प्रश्न असा की यांना चांगलं खायला मिळावं म्हणून तुम्ही उपाशी राहाल का? कितीतरी जणांनी नावं दिली. त्यातून ३६ निवडले. सगळे तरुण, निरोगी, मनानं खंबीर. हे लक्षात ठेवा, मनानं खंबीर. आपल्या मतासाठी अख्ख्या देशाचे टोमणे सोसलेली ही मुलं होती. निग्रह कमी असणारी नव्हेत.

त्यांची राहायची सोय विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली होती, प्रयोगशाळाही तिथेच. पहिले तीन महिने व्यवस्थित जेवण, दिवसाला साधारण ३२०० कॅलरी. आणि मग फेब्रुवारी १९४५ पासून सहा महिने निम्मं. साधारण १५७० कॅलरी. दिवसातून दोन जेवणं. पाव, बटाटे, कोबी, सलगम, मॅकरोनी, म्हणजे युद्धात युरोपातल्या माणसांना जे मिळत होतं तेच. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं, म्हणजे पस्तीस किलोमीटर.

सहा महिन्यांत त्यांचं जवळजवळ पाव वजन गेलं. अहो, हे ऐकून तुमच्यातल्या काहींचे डोळे चमकले असतील, मला इथून दिसत नाहीत म्हणून बरं. पण वजनाबरोबर काय काय गेलं ते ऐका. थंडी वाजायला लागली, भर उन्हाळ्यात. जिना चढवेना. केस गळायला लागले. पाय सुजले. बाकावर बसलं की हाडं टोचायची, म्हणून उशी घेऊन हिंडायचे. नाडी मंदावली, काहींची मिनिटाला ३५ ठोक्यांपर्यंत आली. आणि अंग स्वस्थ असताना जी ऊर्जा आपोआप खर्च होते ना, ती जवळपास ४० टक्क्यांनी घटली. घरात पगार निम्मा आला की बाई काय करते? आधी सिनेमा बंद, मग फळं बंद, मग दिवेसुद्धा लवकर मालवते. शरीरानं तेच केलं. खर्च बंद.

पण मला या गोष्टीत खरी आवडते ती पुढची गंमत. गंमत कसली, पण काय म्हणू. ही मुलं राजकारणावर, धर्मावर, जगाच्या शांततेवर वाद घालणारी. महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या गप्पा संपल्या. उरलं काय? जेवण! पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. ज्यांनी उभ्या आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं ते रात्री अंथरुणात पडून स्वयंपाकाची पुस्तकं वाचायचे. जेवणाचं ताट समोर आलं की अर्धा अर्धा तास, तास तास पुरवून खायचे. ताट चाटून साफ. त्यात पाणी घालायचे, मीठ-मसाला घालायचे, म्हणजे जास्त वाटतं. कॉफी इतकी प्यायला लागले की शेवटी कीजना दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. च्युइंगम चघळण्याचा एकाचा हिशेब तर दिवसाला चाळीस पाकिटांपर्यंत गेला.

आता मला सांगा, रात्री अकरा वाजता पोटात काही नसताना मोबाईलवर चीज ओतलेल्या पावभाजीचे व्हिडिओ कोण पाहतं? पाहता ना? मला त्या व्हिडिओंचा राग आहे तो वेगळा, लोणी किती घालतात त्याला काही ताळतंत्र नाही. पण ते पाहणारी माणसं मला स्टेडियमखालच्या त्या मुलांचीच भावंडं वाटतात.

आणि मग एक जण मोडला. बाहेर गेला असताना बिस्किटं खाल्ली, पॉपकॉर्नची एक पिशवी खाल्ली, दोन पिकून गेलेली केळी खाल्ली. मग इतका खजील झाला की परत येऊन ओकला. दोन पिकलेली केळी हो! युद्धाला नाही म्हणणारा माणूस दोन केळ्यांपुढे हरला. त्यानंतर नियम झाला की कुणी एकट्यानं बाहेर जायचं नाही, बरोबर जोडीदार हवाच.

सहा महिने संपले, जेवण वाढलं. वाटलं असेल की आता सगळं सुरळीत. कुठलं! आधी त्यांचे गट करून अन्न थोडं थोडं वाढवलं. ज्यांना कमी वाढवलं ते सुधारेचनात. काहींना जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, काहींना जास्तीची प्रथिनं दिली, त्यानं विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो पोटभर अन्नानं. डबाभर पावडर हजारो रुपयांना घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावं, फरक पडला तो पोटभर अन्नानं. आणि शेवटी बंधन उठलं तेव्हा काही जण पोट फुटेस्तोवर जेवले आणि तरी म्हणाले, भूक आहे. पोट भरलेलं आणि भूक तशीच. हे कित्येक आठवडे चाललं. वजन परत आलं, मूळच्यापेक्षा काहीसं जास्तच आलं, आणि आलं ते आधी चरबीच्या रूपानं. गेलेले स्नायू सावकाश भरले. त्यातले काही जण तर पुढे धंद्यानं आचारी झाले!

आपल्याकडे म्हण आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. आपण ती हसण्यावारी नेतो. मिनेसोटात तिचं शास्त्रशुद्ध मोजमाप झालं. १९५० साली त्यावर दोन जाडजूड खंड निघाले.

तुम्ही म्हणाल, बाई, ती मुलं सडपातळ होती, माझ्या अंगावर साठा आहे. खरं आहे. साठा असेल तर शरीर जास्त सोसतं, सगळं तितक्या टोकाला जात नाही. पण त्या मुलांना गरजेच्या निम्मं मिळत होतं, आणि तो सफरचंदाचा तक्ता निम्म्याच्याही निम्मा नाही. म्हणून जेव्हा एखादी ताई मला सांगते की मी पंधरा दिवस इतकं कडक केलं आणि सोळाव्या दिवशी अख्खा केक खाल्ला, माझ्यात निग्रहच नाही, तेव्हा मी तिला ही दोन केळ्यांची गोष्ट सांगते. त्यात निग्रहाचा दोष नव्हता. भूक होती.

वेळ बराच गेला, म्हणून बाकीचं पटापट सांगते. फार कमी खाल्लं की नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. चाळिशीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही. केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे दोष शाम्पूला दिला जातो. पाळी पुढे जाते, चुकते, कधी थांबतेच. आणि पित्ताशयात खडे होतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. जेवणात तेल-तूप जवळजवळ नसलं की पित्ताशय पुरतं रिकामं होत नाही, पित्त आतच साचून राहतं. त्यात वजन आठवड्याला दीड किलोच्या वर उतरायला लागलं की खड्यांचा धोका वाढतो. वाटीभर आमटीला चमचाभर तेलाची फोडणी द्या हो, त्यानं आकाश कोसळत नाही.

आणि रक्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी आधीच रित्या. त्यात ही अर्धपोटी राहण्याची हौस. यात माझं एक जुनं भांडण आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई जेव्हा डाएट करते, तेव्हा ती कमी कशातून करते? भात तर ती टाकवत नाही म्हणून संपवतेच. कमी होते ती उसळ, कमी होतं ते दही, कारण ते मुलांना लागतं. पंगत एकदम बसवा. सगळ्यांनी एकत्र बसा, आपापलं वाढून घ्या.

मग करायचं काय? आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, ती चार दिवसांत जात नाही. चार दिवसांत काट्यावर जे कमी दिसतं त्यात पाणीच बरंच असतं. पोळी-भाकरी एक कमी करा, बंद नको. वरण, उसळ, ताक, अंडं, मासळी, जे तुमच्या घरात चालतं ते प्रत्येक जेवणात असू दे. संध्याकाळच्या फरसाणाला हात लावू नका, तिथे मीही तुमच्याशी कडकच वागेन. आणि चाला. फार कमी कॅलरींचा आहार, ८०० च्या आसपासचा, डॉक्टर काही रुग्णांना देतात, हे खरं आहे. पण तो त्यांच्या नजरेखाली, रक्ताच्या तपासण्या करत. मोबाईलवरच्या तक्त्यावरून नाही.

घरातली तरुण मुलगी, मुलगाही, जेवणाच्या वेळी कारणं सांगून उठत असेल, सतत वजन करत असेल, खाल्लेलं ओकून टाकत असेल, तर चेष्टा करू नका, रागावू नका. डॉक्टरांकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

आणि शेवटचं, हे मधुमेह असणाऱ्यांनी नीट ऐका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे, तुम्ही ते नेहमीसारखं घेतलंत आणि जेवण टाळलंत, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, काही सुचत नाही, माणूस बेशुद्धही पडतो. असं वाटायला लागलं की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग ताटातलं कमी करा. पुन्हा सांगते, आधी डॉक्टर, मग ताट.

नमस्कार.