जत्रेतलं खाजं घरच्या कढईत

नमस्कार मंडळी, कार्तिक पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा सुरू होतात, रात्री दशावतारी नाटक आणि देवळाबाहेर खाजेवाल्यांची रांग. खाजं म्हणजे आल्या-गुळाच्या पाकात घोळवलेले बेसनाच्या जाड शेवेचे तुकडे. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर देवीचा कौल घेऊन ठरते, तारीख कळली रे कळली की मुंबईतले चाकरमानी तिकिटं काढायला धावतात आणि परत येताना पिशवीत खाजं असतंच. गोव्यातल्या खाज्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन सुद्धा मिळालंय, मला तर त्याचा फारच आनंद झाला.

पण ज्यांना जत्रेला जायला जमत नाही त्यांनी काय करायचं? घरी करायचं, आणि होतं हो, मस्त होतं.

दोन वाट्या बेसन चाळून घ्या, त्यात मीठ, थोडी हळद आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अगदी बेताने घालून घट्ट मळा. सोऱ्याला जाड शेवेची चकती लावायची आणि तेलात पाडायची, पण आच मध्यमच ठेवा, कारण मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहते, मग दुसऱ्या दिवशी ती मऊ पडणारच. तळताना बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आतलं पाणी उडालं, तेव्हा काढायची. आणि प्लीज, पीठ सोऱ्यात दाबून भरा, मध्ये हवा राहिली तर जाड शेव तेलात फुटून उडू शकते, मुलांना लांबच ठेवा. गार झाली की बोटभर तुकडे करायचे.

आता खरं काम, पाक. माझं ठाम मत आहे की खाजं बिघडतं ते तळण्यात नाही, पाकात बिघडतं. गूळ सव्वा वाटी, साधा घ्या, चिक्कीचा नको, त्याने काचेसारखं कडक आणि चिकट होतं. पाव वाटी पाणी घालून उकळायचा, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघत राहायचं, त्याची गोळी वळली आणि दाबल्यावर घट्ट लागली की झाला गोळीबंद पाक. मग लगेच किसलेलं आलं, मूठभर पांढरे तीळ आणि शेव, गॅस बंद, आणि हलवत राहायचं, थांबायचं नाही! आधी सगळं ओलं चमकत असतं, बघून वाटतं चिकटलं आता, पण हलवून हलवूनच गुळाचे कण धरतात, चमक जाते आणि प्रत्येक तुकड्यावर कोरडा पांढुरका थर बसतो. तो जत्रेतला थर हाच. अर्धवट सोडलंत तर एकच मोठा गोळा होतो.

सुंठ पावडर घालणारे पण आहेत, चालते, पण ओल्या आल्याचा जो झणका घशाला लागतो ना तो तिच्यात येत नाही, म्हणून मी तरी आलंच घालायला सांगेन, फक्त पाक गोळीबंद व्हायला आल्यावर घाला म्हणजे वास टिकतो.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलंत तर वाफ धरते. झाकण घट्ट हवं, पावसाळी हवेत गूळ लगेच पाणी ओढतो, म्हणून हे हिवाळ्यातच करायला घ्या, आत्ता दिवस अगदी बरोबर आहेत.