थांबायचं कुठे?

[दृश्य: उंच, झाडं नसलेला पांढरा उतार. एकच स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटरसायकलसारखी गाडी, वर चढतेय.]

चालक जमेल तितका वर जातो, वळण घेतो आणि सुसाट खाली येतो. मग दुसरा निघतो, पहिल्याच्या खुणेहून वर जायला. स्नोमोबाईलवाले याला 'हायमार्किंग' म्हणतात. हिमस्खलन ओढवून घ्यायला याहून सोपी रीत शोधूनही सापडणार नाही.

बर्फ वरून एकसंध दिसतो, पण आत एकावर एक थर असतात. थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर नाजूक स्फटिक धरतात. त्यांच्यावर नवा बर्फ साचला, की गाडला गेलेला तो थर कित्येक आठवडे कच्चा राहू शकतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर वजन पडायचा अवकाश: वरचा घट्ट थर तडकतो आणि अख्खाच्या अख्खा सुटतो. कधीकधी पायथ्याशी गाडी फिरवली तरी वरचा उतार कोसळतो.

इंजिनच्या आवाजाने कडा कोसळतो, हा गैरसमज आहे. आवाजाचा घात वेगळाच. कच्चा थर खचताना 'धप्प' असा आवाज येतो. पायी चालणाऱ्याला तो ऐकू येतो. हेल्मेट घालून इंजिनवर बसलेल्याला नाही.

[दृश्य: उताराच्या पायथ्याशी ओळीने उभ्या गाड्या.]

मात्र खरी चूक बहुतेक वेळा वर नाही, इथे खाली घडते. १३ मार्च २०१०, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक. बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांचा मेळा भरला होता. वर चढाई चाललेली, खाली सुमारे २०० माणसं. उतार सुटला तो थेट या गर्दीवर. दोघांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले.

त्याआधी २८ डिसेंबर २००८ला, त्याच प्रांतात फर्नीजवळ, स्पारवुड गावचे ११ जण डोंगरात होते. पहिल्या स्खलनात काही गाडले गेले. बाकीचे त्यांना उकरायला धावले आणि दुसरं स्खलन त्यांच्यावर आलं. तिघे वाचले, आठ गेले. मदतीला धावणाऱ्यांना दोष कोण देणार?

पण अडकलेली गाडी सोडवायला दुसरा वर जातो, तेव्हा एवढी घाई नसते. गाडी रुतलीय, माणूस धडधाकट आहे. त्याने एकट्याने खणावं. तरी मित्र जातो. एका कच्च्या उतारावर आता दोन माणसं आणि दोन गाड्या, प्रत्येक गाडी दोनशे किलोंहून जड! उतारावर एका वेळी एकच जण, आणि बाकीचे उताराच्या वाटेबाहेर, इंजिन चालू ठेवून, वर नजर लावून: हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मोडतो तो मित्रासाठी.

[दृश्य: पाठीवरच्या पिशवीतून फावडं काढणारे हात.]

गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर बहुतेक जण गुदमरलेले असतात. हेलिकॉप्टर तोवर पोहोचत नाही. शोध सोबत्यांनीच घ्यायचा: गाडल्या गेलेल्याच्या अंगावरच्या ट्रान्सीव्हरच्या (रेडिओ संकेत पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या छोट्या यंत्राच्या) संकेतावरून जागा हेरायची, लांब सळईने टोचून खोली पाहायची, मग खणायचं. फावडं गाडीला बांधलेलं असेल आणि गाडीच गाडली गेली, तर हाताने खणावं लागतं, आणि थांबलेल्या स्खलनाचा बर्फ दगडासारखा घट्ट बसतो. शोधताना ट्रान्सीव्हरजवळ मोबाईल चालू असेल, तर संकेतात गडबड होते. मोबाईल निघण्यापूर्वीच बंद करून ठेवायचा.