गाळा तात्पुरता उघडताना

महिनोन्‌महिने बंद असलेल्या गाळ्याचं शटर वर गेलं की आधी वास येतो. बुरशीचा वाटतो, पण बऱ्याचदा तो गटाराचा असतो. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटारातली हवा अडवून धरतं. वापर थांबला की ते सुकतं. दोन लिटर पाणी ओता. तरीही वास राहिला तर ट्रॅप फुटलेला असू शकतो, प्लंबर बोलवा.

इथे चित्रं लावायची, तालमी घ्यायच्या की दुरुस्ती कट्टा भरवायचा, ते मागाहून. आधी कागद. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मार्कस वेस्टबरी यांनी २००८ साली 'रिन्यू न्यूकॅसल' सुरू केलं, म्हणजे रिकामे गाळे कलाकारांना तात्पुरते वापरायला देणारा उपक्रम. तिथे मालकांशी भाडेकरार नव्हता. ३० दिवसांचा, पुढे चालू राहणारा वापराचा परवाना होता. कायमचा भाडेकरू आला की जागा परत. मालक तयार होतो तो यामुळे. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. रिकाम्या जागेचा विमा माणसं आत आल्यावर लागू राहीलच असं नाही.

महिन्याभरात उठावं लागेल, म्हणजे भिंतीला एकही खिळा नको. दोन मीटर उंचीचे प्लायचे पॅनेल बिजागऱ्यांनी काटकोनात जोडा आणि पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवा. सरळ रांगेत उभे केलेले पॅनेल एका धक्क्यात कोसळतात.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. चहाची २००० वॅटची किटली २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. ती गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर लावली तर वेटोळ्यात उष्णता कोंडते आणि वायरचं आवरण वितळू शकतं. वायर पूर्ण उलगडा.

आत माणसं असताना शटर पूर्ण वर आणि अडकवलेलं. मागचं दार असेल तर त्याला कुलूप नको, त्यासमोर खोकीही नकोत.

दर्शनी काच फसवी असते. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, म्हणून दिवसा तिच्यात रस्ताच दिसतो. मांडणी काचेपासून अर्ध्या मीटरच्या आत आणा, दिवे बाहेरून आत नव्हे, आतून वस्तूवर रोखा.

पहिल्या दिवशी कोपरान्‌कोपऱ्याचे तारखेसह फोटो आणि मीटरचं रीडिंग घेतलेलं असलं, की चाव्या परत देताना वाद होत नाही. काचेवरची टेप ओरबाडू नका. हेअर ड्रायरनं मिनिटभर गरम करून हळूहळू सोला, गोंद फारसा मागे राहत नाही.