कोंबडी खुडूक झाली, आता काय?

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याच्या आसपास बंगल्याच्या मागं, गोठ्याच्या कडेला चार-सहा गावरान कोंबड्या पाळणारी घरं अजून बरीच आहेत. त्यातलंच एक आमचं, धायरीचं. आज बोलायचंय ते खुडूक कोंबडीबद्दल, म्हणजे अंडी उबवायला बसायची ओढ लागलेल्या कोंबडीबद्दल.

माझी पहिली कोंबडी खुडूक झाली तेव्हा मला वाटलं, ही आजारी पडली. दिवसभर खुराड्याच्या कोपऱ्यात चपटी होऊन बसलेली, दाणे टाकले तरी उठत नव्हती. मी डॉक्टरांना फोन लावायच्या बेतात होते. सासूबाई वेल्ह्याच्या. त्यांनी नुसता हात पुढं केला. कोंबडीनं पिसं फुलवली, खुडखुड आवाज काढला आणि चोच मारली. "अगं, आजारी कोंबडी एवढा राग करते होय? खुडूक झालीय ती."

ओळखायची खूण खरं तर हीच. आजारी कोंबडी मान टाकून मलूल पडते, खुडूक कोंबडी अंगावर येते. तिच्या पोटाखाली हात घातलात तर गरम लागेल, छातीवरची पिसं तिनं स्वतःच उपटलेली दिसतील. अंड्यांना उघड्या कातडीची ऊब मिळावी म्हणून. दिवसातून एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणापाणी उरकते आणि एकच भलीमोठी, नाक धरावं अशी विष्ठा टाकून परत जागेवर. अंडी देणं बंद. हे सगळं शरीरातल्या प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळं होतं. अंड्यांसाठी निवडत आणलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींत ही ओढ जवळजवळ उरलेली नाही. असील आणि आपली गावरान मात्र हटकून बसतात.

आता ठरवायचं तुम्ही, आणि ते दोन-तीन दिवसांत ठरवा. पिल्लं हवीत की नकोत? बरेच जण काहीच करत नाहीत, रोज तिच्याखालची अंडी तेवढी काढून घेतात. मग ती रिकाम्या जागेवर आठवडेच्या आठवडे बसून राहते, वाळते, उवांनी भरते. अंडीही नाहीत, पिल्लंही नाहीत.

पिल्लं नको असतील तर उपाय साधा आहे. खाली जाळी असलेला पिंजरा दोन विटांवर उचलून ठेवायचा आणि तिला आत सोडायचं. गवत नाही, पोतं नाही. दाणापाणी मात्र भरपूर. पोटाखालून वारा लागला की ऊब उतरते. लवकर हात घातलात तर तीन-चार दिवसांत ती ताळ्यावर येते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडी देऊ लागते. पाण्याच्या बादलीत बुचकळणं, नाकात पीस ओवणं, उपाशी ठेवणं हे कुणी सांगितलं तरी करू नका. मुक्या जिवाला छळून काय मिळवायचं?

पिल्लं हवी असतील तर तिला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. पाटीत तळाला राख, वर भाताचा पेंढा. सासूबाई त्यात एक लोखंडी खिळाही ठेवतात, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मी ठेवू देते. अंडी कोंबडा असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली हवीत. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, त्या फार्मवर कोंबडाच नसतो. गावरान कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा अंडी मावतात. मेच्या उन्हात शक्यतो बसवू नका.

आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करा. मी केली नव्हती. बाराची सतरा झाली, कारण बाकीच्या कोंबड्यांनी त्याच पाटीत अंडी घातली. पहिली पिल्लं निघाली, तीन दिवसांनी आई त्यांना घेऊन अंगणात गेली आणि मागून पडलेली अंडी आत जिवंत पिल्लांसकट गार झाली. अजून चुटपुट लागते. तेव्हा खूण नसलेलं अंडं रोज संध्याकाळी उचला, किंवा तिला रात्रीच वेगळ्या जागी हलवा. अंधारात ती कुरकुरत नाही.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागं मोबाइलचा टॉर्च धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. कोरं दिसलं तर काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी, एखाद दिवस मागंपुढं, अंडी टिचायला लागतात. पिल्लू अडलं म्हणून कवच सोलायची घाई नको. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज तग धरतं. मग बारीक कणी, मक्याचा भरडा आणि उथळ ताटलीत पाणी. पाण्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिल्या आठवड्यात मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस डोळ्यात एक थेंब द्यायला विसरू नका.

घारीची आणि मुंगसाची काळजी तुमची, बाकी सगळं आई बघते. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की तीच त्यांना चोची मारून हाकलते. तेव्हा घाबरून जाऊ नका, ती परत अंडी द्यायला लागतेय. नमस्कार.