ईस्टरचं अंडं रिकामं कधी करायचं?

नमस्कार मंडळी. ईस्टरच्या अंड्यांचा विषय निघाला की सगळे रंगांबद्दल आणि नक्षीबद्दल विचारतात. मी आज बोलणार आहे अंडं आतून रिकामं करण्याबद्दल. हे किरकोळ काम समजून उरकून टाकलं जातं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आठ-आठ तास बसून काढलेली नक्षी पुढे टिकणार की नाही, हे याच कामावर ठरतं.

आधी युक्रेनकडे जाऊ. तिथल्या रंगवलेल्या अंड्याला पिसांका म्हणतात. वितळलेल्या मेणाने रेघा काढायच्या, अंडं रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग, फिक्याकडून गडदाकडे. म्हणजे आपल्या बाटिकचीच रीत. २०२४ साली युनेस्कोने या परंपरेला वारसा यादीत स्थान दिलं, युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांच्या नावाने. कोलोमिया गावात तर पिसांकांचं संग्रहालय आहे आणि त्याची इमारतच अंड्याच्या आकाराची आहे.

तर जुनी पिसांका रिकामी करत नसत. ती कच्च्या, भरल्या अंड्यावरच लिहायची. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात अंडी वर्ज्य असतात, कोंबड्या मात्र अंडी घालतच राहतात, त्यामुळे घरात अंडी साठलेली. अंड्यात जीव आहे आणि त्या जिवामुळेच पिसांकेला घर राखण्याची ताकद येते, अशी श्रद्धा. आतलं काढून टाकलं तर उरलं काय, असा तो विचार. मला तो फार मोलाचा वाटतो. भरलं अंडं ठेवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांना मी कधीच मोडता घालत नाही.

मात्र भरल्या अंड्याचं पुढे काय होतं, हे माहीत हवं. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी हळूहळू उडून जातं. काही वर्षांनी पिवळा बलक सुकून त्याची कडक गोळी होते आणि अंडं हलवलं की ती आत खुळखुळते. हे नीट पार पडायला हवा खेळती लागते. कवचाला केसाएवढी चीर असेल, किंवा कोणी घाईने व्हार्निश मारून छिद्रं बुजवली असतील, तर आत सडून वायू साठतो आणि एक दिवस अंडं फुटतं. तो वास कपाटातून महिनोन्महिने जात नाही. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात तर हा धोका मी कुणालाच पत्करू देणार नाही.

जर्मनीत प्रश्नच वेगळा, कारण तिथे अंडी झाडाला टांगतात. झाडाच्या फांदीला भरलं अंडं कसं पेलणार? साधारण साठ ग्रॅमच्या अंड्यात कवचाचं वजन सहा-सात ग्रॅम. रिकामं केलं की ते पानासारखं डोलतं. थुरिंगिया प्रांतात झालफेल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाने १९६५ साली अंगणातल्या सफरचंदाच्या रोपावर अठरा प्लॅस्टिकची अंडी टांगली. झाड वाढलं, प्लॅस्टिकच्या जागी खरी, रिकामी केलेली अंडी आली, आणि २०१२ साली त्या एका झाडावर दहा हजार अंडी होती. आतला बलक ते कुटुंब स्वयंपाकात वापरायचं. हे मला सगळ्यात आवडतं.

आता आजचा खरा मुद्दा. रिकामं आधी करायचं की रंगवल्यावर? दोन्ही रीती बरोबर आहेत, पण त्यांचे नियम वेगळे आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

आधी रिकामं केलंत तर बलक खाता येतो. नंतर केलंत तर तो टाकायचा, कारण पिसांकेचे रासायनिक रंग खाण्याचे नसतात आणि कवच सच्छिद्र असतं. आधी केलेलं अंडं मात्र रंगात बुडत नाही, तरंगतं. मग भोकं मेणाने बंद करून ते चमच्याने दाबून धरावं लागतं. शेवटी मेण उतरवताना अंडं मेणबत्तीच्या बाजूला धरायचं, ज्योतीच्या वर नाही, नाहीतर काजळी बसते. त्या वेळी आतली हवा तापून फुगते, म्हणून आधी भोकं मोकळी करा. आत पाण्याचा थेंब राहिला असेल तर वाफेने कवच तडकेल.

नंतर रिकामं करायचं असेल तर आधी व्हार्निश, मग भोक. व्हार्निश तेलाचंच हवं. पाण्यातलं मारलंत तर रंग ओघळतील. शिवाय न व्हार्निश केलेल्या अंड्यावर आतला पांढरा बलक ओघळला की नक्षीवर डाग पडतो.

हाताने करायचं कसं, तेही सांगते. अंडं ताजं आणि खोलीच्या तापमानाला आलेलं घ्या. फ्रिजमधलं गार अंडं घट्ट असतं, बाहेर यायला त्रास देतं. अंधारात टॉर्चवर धरून बघा, चीर असेल तर लगेच दिसते. बोथट टोकाकडे हवेचा कप्पा असतो. भोक तिथेच पाडा. दाभणाने टोचू नका. टोक टेकवून, दोन बोटांत गोल गोल फिरवत, जोर न देता आत जायचं. मग लांब सुई घालून आतला पापुद्रा आणि बलक दोन्ही फोडून ढवळा. बलक अख्खा राहिला तर भोकात अडकतो आणि माणूस जोर लावतो. बहुतेक अंडी इथेच फुटतात.

तोंडाने फुंकू नका. कवचावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. बोथट सुईची सिरिंज घ्या. सुई भोकापेक्षा बारीक हवी, म्हणजे बाजूने बलकाला वाट राहते. भोक खाली धरा आणि थोडी थोडी हवा सोडा. हवा वर चढते, बलक खाली उतरतो. एकच भोक पुरतं. दुसरं पाडायचं ते टांगायचा दोरा आरपार ओवायचा असेल तरच. काढलेला बलक त्याच दिवशी, पूर्ण शिजवूनच खा.

मग सिरिंजने कोमट पाणी आत भरून हलवा, काढा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आत पांढऱ्या बलकाचा अंश राहिला तर आपल्याकडे मुंग्या हमखास येतात. भोक खाली करून कापडावर दोन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात जास्त.

व्हिनेगरबद्दल सगळेच विचारतात, तेव्हा तेही. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि आम्ल ते खातं. रंग नीट धरावा म्हणून व्हिनेगरच्या पाण्यात क्षणभर बुडवणं ठीक. भिजत ठेवलंत तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मेणाची रेघ पसरते. पॉलिश पेपर तर अजिबात नको, घासलेल्या जागी रंग वेगळाच चढतो.

समोरच्या टेबलांवर प्रत्येकासाठी अंडी, सिरिंज आणि वाटी ठेवली आहे. आधी टॉर्चवर तपासा. चीर दिसली तर ते अंडं मला आणून द्या, बदलून देते.