पितळ वितळवणारा धूर

इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. पण मफलर म्हटलं की आपल्या बेळगावात डिसेंबरातला गळ्याभोवतीचा मफलर आठवतो. म्हणून मी आपला सायलेन्सरच म्हणतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणीही तेच म्हणतो.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या हातानं केलं, तर घरी बांधलेल्या विमानाची रीतसर नोंदणी होते. त्यानं लाँग-ईझी नावाचं छोटं विमान बांधायला घेतलंय. ह्या विमानाचा पंखा मागं असतो. त्यात इंजिन बसवतोय माझदाच्या जुन्या आरएक्स-७ गाडीचं, ज्याला १३-बी म्हणतात. एका रात्री फोन आला, "मामा, सायलेन्सर कसला लावू?" मामानं आयुष्यभर पत्रा वाकवलाय होय, पण विमानाचा नव्हे की ओ! मग आधी इंजिन समजून घेणं आलं.

ह्या इंजिनाला रोटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत अख्खे सिलिंडरच गरगर फिरायचे, त्या इंजिनालाही रोटरी म्हणतात. हे ते नव्हे. हे फेलिक्स वांकेलचं, जर्मनीत १९५७ साली पहिल्यांदा चाललेलं. ह्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. तिकोनी रोटर फिरतो. १३-बीमध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक बार उडतो. मिनिटाला ६००० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला २०० बार. आपली बुलेट ३००० फेऱ्यांवर सेकंदाला २५ देते.

बरं, हे बार नुसते जास्त नाहीत, धारदारही आहेत. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो. इथं रोटरचं टोक धुराच्या भोकावरून पुढं सरकलं, की तोंड एकदम मोकळं. कुकरची शिट्टी चमच्यानं अलगद उचला आणि दुसऱ्या खेपेला भर वाफेत उडवून द्या, तेवढा फरक. त्यात ह्या इंजिनाची जळायची जागा लांबट आणि चपटी. ज्वाळा शेवटपर्यंत वेळेत पोचत नाही, थोडं इंधन जळत जळतच बाहेर पडतं. जोर लावला की धुराचं तापमान ९०० अंशांच्या वर सहज जातं. इथं फाउंड्रीवाले बसलेत, त्यांना वेगळं सांगायला नको: ॲल्युमिनियम ६६० ला पाणी होतं, आणि ९०० च्या पुढं पितळेचीही धडगत नाही. गाडीत हा जोर घाट चढताना चार मिनिटं लागतो. विमानात तासन्‌तास.

माझं मत तिथंच ठरलं. आवाजाचं नंतर बघू. आधी हा डबा त्या आगीत टिकतो का, आणि फुटलाच तर कसा फुटतो, हे बघायचं.

गाडीच्या सायलेन्सरमध्ये आडव्या पट्ट्या असतात, धूर वळसे घेत जातो. त्यातली एक पट्टी तापून सुटली आणि बाहेरच्या तोंडाला आडवी बसली, की इंजिनाचा श्वास कोंडला. गाडी रस्त्याकडेला घेता येते. वर आकाशात कडेला कुठं घेणार? म्हणून पट्ट्या बाद. सरळ आरपार नळी, तिला भोकं, बाहेरून मोठा डबा. पण भाच्याचा पंखा मागं! नळीचा तुकडा जरी सुटला तरी तो थेट पंख्यावर. मग जाळीचा पातळ पत्राही बाद, नळी जाडच हवी. वजन वाढलं तर वाढू दे. आत ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, भरायचा विचार तर करूच नका; अशा धुरात ते टिकत नाही.

धातूचं म्हणाल तर साधं लोखंड खवले सुटून संपतं. आपलं नेहमीचं ३०४ स्टेनलेस बरं, पण वेल्डिंगच्या कडेला त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून बसतं आणि ती कड कमकुवत होते. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. त्याहून वरचं इन्कोनेल, म्हणजे निकेलचा मिश्रधातू, पण किंमत ऐकून भाचा गप्प झाला. ३२१ ठरलं. आर्गॉन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडायचा, नाहीतर आतल्या बाजूला शिवण साखरेच्या दाण्यांसारखी खडबडीत, काळी होते आणि चीर तिथूनच धावते.

आणखी एक. मीटरभर स्टेनलेसची नळी ८०० अंशांनी तापली की साधारण १४ मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं बोल्टनं आवळलीत तर ती कुठं जाईल? एक टोक सरकतं ठेवायचं.

आता माझी फजिती. डबा आवाजाच्या लाटेच्या पाव लांबीचा असला, की तो सूर चांगला दबतो. ती लांबी मी आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून काढली. शाळेत पाठ केलेला आकडा! भाच्यानं पहिला डबा लावून इंजिन चालवलं तर आवाज होता तसाच. दोन रात्री डोकं खाजवलं. मग उजेड पडला: ३४० हा गार हवेतला वेग. ९०० अंशांच्या धुरात तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे २०० बारांच्या सुराला चतुर्थांश लाटेची लांबी ४३ सेंटिमीटर नव्हे, ८६ च्या आसपास. एवढा डबा विमानात मावेना. मग थोडा आवाज राहू दिला. तसंही पंख्याची टोकंच एवढी ओरडतात, की सायलेन्सर त्याहून फार गप्प करून हाती काही लागत नाही.

मघाशी कुणीतरी टर्बोचं विचारलं. होय, टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, स्वतःच आवाजाची धार मोडतो. पण मग त्याची उष्णता आणि तेल सांभाळा.

भाच्याचं काम सध्या अडलंय ते वेगळ्याच जागी. लाँग-ईझीचं अंग फोम आणि फायबरग्लासचं, इपॉक्सीनं चिकटवलेलं. लाल तापलेला डबा त्याच्या शेजारी चार बोटांवर. आता भाचा मधे स्टेनलेसचा पातळ पडदा आणि हवेची वाट करतोय. कालच मोजमापाचा कागद माझ्याकडं आला, पत्रा मी उद्या कापतो.