यांत्रिक सशाच्या जागी

(दृश्य: रात्रीचा ट्रॅक. दिवे. सुटण्याच्या पेट्यांत कुत्रे चढवले जातात.)

आठ पेट्या, आठ ग्रेहाउंड. पहिल्याच्या अंगावर लाल झूल, दुसऱ्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, तिसऱ्याच्या पांढरी. मग निळी, पिवळी, हिरवी, काळी आणि शेवटी गुलाबी. ऑस्ट्रेलियात हे रंग ठरलेले आहेत. पैसे लावणाऱ्याला कुत्र्याचं नाव माहीत नसलं तरी भागतं, रंग पुरतो.

आता हा आवाज ऐका. रुळावरून घरघरत येतोय तो यांत्रिक ससा. तो पेट्यांसमोरून पुढे गेला की झडप उघडते.

(शर्यत पूर्ण दाखवावी. निवेदन नाही.)

ताशी साठ किलोमीटरच्या वर वेग आणि जेमतेम अर्ध्या मिनिटाचा खेळ. यातल्या एकाही कुत्र्याला ससा मिळालेला नाही. तो मिळण्यासारखा नाहीच. चिंध्यांचा, फरचा असा काहीतरी गोळा आहे तो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रं.)

यांत्रिक सशाच्या आधी ससा खरा असायचा. मोकळ्या मैदानात जिवंत ससा सोडायचा आणि त्याच्यामागे दोन कुत्रे. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यंत्रावर धावणारा ससा बनवला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यावर शर्यती सुरू झाल्या. २८ मे १९२७ च्या रात्री हाच ससा सिडनीत एपिंगच्या मैदानावर धावला. हे मैदान पुढे हॅरॉल्ड पार्क म्हणून ओळखलं गेलं. तेव्हापासून ग्रेहाउंडच्या शर्यतीवर कुणी बोट ठेवलं की एक उत्तर तयार असायचं: ससा खोटा आहे, इथे रक्त सांडत नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी २०१५. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘फोर कॉर्नर्स’ हा कार्यक्रम लागला. १९६१ पासून चालत आलेला, शोधपत्रकारितेसाठी देशभर ओळखला जाणारा. त्या दिवशीच्या भागाच्या वार्ताहर होत्या कॅरो मेल्ड्रम-हॅना. सोबत सॅम क्लार्क आणि मॅक्स मर्च.

त्या भागानं दाखवलं ते सरावाच्या ट्रॅकवरचं. शर्यतीच्या ट्रॅकवर प्रेक्षक असतात, कॅमेरे असतात, अधिकारी असतात. सरावाचा ट्रॅक मात्र कुणाच्या तरी शेतात, पत्र्याच्या शेडमागे असतो. तिथे यांत्रिक सशाच्या जागी जिवंत प्राणी बांधले जात होते. डुकराची पिल्लं, ससे, पॉसम. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला, मांजराएवढा निशाचर प्राणी. एकदा कुत्र्याच्या तोंडाला रक्त लागलं की तो खोट्या सशामागेही जीव तोडून धावतो, अशी या लोकांची पक्की समजूत. हे सगळं कायद्यानं गुन्हा होतं, कालपरवापासून नव्हे, कित्येक वर्षांपासून. तरीही व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या तिन्ही राज्यांत ते चालू असल्याचं चित्रीकरणात दिसलं.

(दृश्य: कुंपण, शेड, बंद फाटक. माणूस दिसत नाही.)

हे चित्रीकरण हाती कसं आलं, ते नीट सांगायला हवं. ‘ॲनिमल्स ऑस्ट्रेलिया’ आणि ‘ॲनिमल लिबरेशन क्वीन्सलंड’ या दोन संस्थांच्या लोकांनी लपवलेल्या कॅमेऱ्यांतून ते मिळवलं. ‘ॲनिमल्स ऑस्ट्रेलिया’च्या तपासाची धुरा वाहणाऱ्या लिन व्हाइट पूर्वी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलीस दलात होत्या. पुरावा कसा धरायचा हे त्यांना शिकवावं लागलं नाही. २०११ मध्ये त्या स्वतः इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांत कॅमेरा घेऊन गेल्या होत्या. तिथे पाठवलेल्या ऑस्ट्रेलियन गुरांचे हाल याच ‘फोर कॉर्नर्स’वर दिसले आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारला इंडोनेशियाला होणारी जिवंत गुरांची निर्यात काही काळ थांबवावी लागली.

म्हणजे संस्था आणि वार्ताहर यांची एकमेकांच्या कामाशी ओळख होती. पण कार्यकर्त्यानं आणून दिलेली चित्रफीत म्हणजे बातमी नव्हे. जागा कुठली, दिवस कुठला, समोरचा माणूस कोण, तो या धंद्यात नोंदलेला प्रशिक्षक आहे का, त्याचे कुत्रे कुठे धावतात, हे एकेक तपासावं लागतं. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना विचारावं लागतं. वकिलाला दाखवावं लागतं. आणि प्राणी अजून तिथेच बांधलेले असताना, थांबायचं किती हेही ठरवावं लागतं. इथे प्रसारणाच्या काही दिवस आधीच पोलीस आणि ‘आरएसपीसीए’ ही प्राणिरक्षण संस्था यांनी छापे टाकले, मग कार्यक्रम लागला. आम्हाला या साऱ्या प्रकरणातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. खळबळीपेक्षा प्राण्यांची सुटका आधी झाली.

(दृश्य: प्रसारणातल्या काही चौकटी. आवाज मूळचा. निवेदन नाही.)

याहून पुढचं आम्ही दाखवत नाही.

तपासायला कुणी नव्हतं असं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ‘ग्रेहाउंड रेसिंग एनएसडब्ल्यू’ नावाची संस्था होती. शर्यतीचा धंदा वाढवायचा तिनंच आणि शर्यतीत गैर काही होतंय का हे बघायचंही तिनंच. पुढे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांच्या चौकशी आयोगानं नोंदवलं, की ट्रॅकवर कुत्र्यांना होणाऱ्या दुखापतींचं खरं स्वरूप या संस्थेनं जाणूनबुजून झाकलं होतं. पगारी निरीक्षकांच्या नजरेतून जे सुटलं, ते लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं.

आपल्याकडेही प्राण्यांच्या शर्यतींचा वाद पुराव्यावरच लढला गेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा प्राणी कल्याण मंडळानं मांडलेले प्रत्यक्ष पाहणीचे अहवाल समोर होते. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ते मान्य केले. गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयाची बंदी १९९६ पासून आहे. तरी झुंजी लागतात आणि त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. तिथे कॅमेरा प्रेक्षकाच्या हातात असतो. त्याच्या चित्रफितीत टाळ्या असतात, झुंजीनंतर बैलाचं काय झालं हे नसतं.

(दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे. झपाट्यानं.)

प्रसारणानंतर त्याच आठवड्यात ‘ग्रेहाउंड रेसिंग एनएसडब्ल्यू’चं संचालक मंडळ गेलं. प्रशिक्षकांवर खटले आणि बंदी. वर्षअखेर गोल्ड वॉकली, म्हणजे तिथल्या पत्रकारितेतला सर्वोच्च सन्मान, मेल्ड्रम-हॅना, क्लार्क आणि मर्च या तिघांना. २०१६ मध्ये मॅकह्यू अहवाल: बारा वर्षांत ४८ ते ६८ हजार कुत्रे, पुरेसे वेगवान नाहीत म्हणून मारले गेले. ७ जुलैला न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी राज्यातल्या शर्यतींवर बंदी जाहीर केली, ११ ऑक्टोबरला मागे घेतली. राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात २०१८ पासून बंदी आहे. न्यूझीलंडच्या सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

(दृश्य: पुन्हा ट्रॅकबाहेरचं कुंपण. दिवसाउजेडी.)

कॅमेरा लपवणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं, तेही सांगतो. २००१ मध्ये टास्मानियातल्या पॉसमच्या मांस कारखान्याचं गुपचूप केलेलं चित्रीकरण एबीसीनं दाखवू नये, अशी मागणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिथे फेटाळली गेली. पण न्यू साउथ वेल्सच्या २००७ च्या कायद्यानुसार, दुसऱ्याच्या जागेत विनापरवाना शिरून केलेलं असं चित्रीकरण प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा. प्राण्यांसाठी लढणाऱ्या एका संस्थेनं त्याला आव्हान दिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी आव्हान फेटाळलं. शेजारच्या व्हिक्टोरियात जनहितासाठी प्रसिद्ध करायची मुभा कायद्यातच लिहिलेली आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ती नाही, आणि ती तिथेही लिहिली जायला हवी.